तिसऱ्या खंडात बाळ नाही

"कोणतं बाळ?" असं मी विचारलं, आणि विचारलं तेव्हा माझं स्वतःचं बाळ माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यातल्या लोखंडी बाकावर आम्ही सात-आठ बाया आपापली लेकरं घेऊन लसीच्या पाळीची वाट पाहत बसलो होतो. एप्रिलची सकाळ, वरचा पंखा तापलेली हवाच खाली लोटत होता, आणि मी नेहमीसारखी सुजाताच्या छातीकडे पाहत होते. झबल्यावरचं पिवळं बदक वर गेलं, खाली आलं. वर गेलं, खाली आलं. ती जन्मली तेव्हापासून माझं हेच चाललं आहे. लोक येता-जाता मोबाइल बघतात तसा मी तिचा श्वास बघते. शेजारी बसलेली बाई मघापासून माझ्याकडे पाहत होती. माझ्याच वयाची, बँकेचं ओळखपत्र गळ्यात विसरलेलं, मांडीवर टकलू मुलगा. "तुमी अपेक्षा मेश्राम नं? भस्मऋतूवाल्या?" मी दचकले. कितीतरी महिन्यांत मला त्या नावाने कोणी ओळखलं नव्हतं. मी हो म्हटल्यावर ती बाकावर सरकून माझ्याजवळ आली. नाव प्रीती म्हणाली. "माय वं, खरंच तुमीच का! मी तं बाळंतपणाच्या सुटीत तिन्ही खंड वाचले. एका हातात हा गडी, एका हातात तुमचं पुस्तक. सासू म्हणे, पोराले दूध पाजून राहिली का गोष्टी?" मी हसले. खूप दिवसांनी. मग ती म्हणाली, "एक विचारू का ताई? राग नका येऊ देऊ. वैनाचं बाळ कुठं गेलं?" आणि मी विचारलं, कोणतं बाळ.

"घ्या आता! मलेच विचारता?" ती बाकीच्या बायांकडे बघून हसली, जणू त्या सगळ्यांनीच माझी पुस्तकं वाचली होती. "दुसऱ्या खंडाच्या शेवटी नाही का झाली तिले पोरगी? पाळण्यावर ओलं लुगडं टाकते, राख बसू नये म्हणून, अन् निघून जाते धुराडं बंद कराले. तिसऱ्यात तं बारा वरसं निघून गेली. लढाया झाल्या, जहाजं उडाली, धुराडं पडलं. पोरीचं नावच नाही! मी वाट पाहून राहिली होती, आता येईन, मंग येईन. शेवटी आमच्या ह्यांले म्हटलं, या लेखिकेले लेकरू नसन." मग तिची नजर सुजातावर गेली. तिने जीभ चावली. "पण तुमाले तं आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून सुजाताचं नाव पुकारलं. सिस्टरनी तिची मांडी चिमटीत धरली, सुई गेली, सुजाताचं तोंड आधी आवाजाशिवाय उघडलं आणि मग तो आवाज आला. दर वेळी तिच्याबरोबर मीही रडते, सिस्टर मला हसतात. आज माझे डोळे कोरडे होते. मी तिला छातीशी धरून थोपटत होते आणि मनात बघत होते तो दुसराच पाळणा होता, त्यावरचं लुगडं वाळत चाललेलं. बाहेर येऊन ई-रिक्षात बसले तरी तो डोळ्यांपुढून हलेना. मी मनातल्या मनात तिसरा खंड पहिल्या पानापासून चाळायला लागले, जत्रेत लेकरू हरवलेली बाई दुकानामागून दुकान बघते तशी. जहाजाच्या तळघरात बघितलं. वैना कैदेत होती त्या प्रकरणात बघितलं, तिथे ती स्वतःशीच बोलते, पानंच्या पानं बोलते, तिथे तरी एखादं वाक्य असेल. नव्हतं. वैनाच्या खांद्यावरची जखम माझ्या लक्षात होती, ती कोणत्या बाजूची तेही. एका राखणदाराची लंगडी बकरी पहिल्या खंडात हरवली होती, तिलासुद्धा मी तिसऱ्यात घरी पोचवली होती. बकरी लक्षात राहिली. वाचकांची पत्रं आली होती बकरीबद्दल. आणि मी स्वतः जन्माला घातलेलं एक मूल, ज्याच्यासाठी मी दुसऱ्या खंडाची शेवटची सतरा पानं खर्ची घातली, ते मी पाळण्यात ठेवून गेले आणि बारा वर्षं परतले नाही. माझ्या नवऱ्याने, पियुषने वाचलं होतं, मुद्रितशोधकाने वाचलं होतं, मी तीनदा वाचलं होतं. कोणालाच पाळण्यातला आवाज ऐकू आला नाही. जी बाई कागदावर बाळ विसरू शकते ती आणखी काय विसरेल? मी घराला कुलूप लावून निघेन आणि सीताबर्डीला पोचल्यावर मला आठवेल. मी गॅसवर दूध ठेवीन. मी रिक्षातून उतरेन, पिशवी घेईन, पैसे देईन, आणि रिक्षा निघून जाईल. मी सुजाताला इतकं घट्ट धरलं की रडून दमलेली ती पुन्हा रडायला लागली, आणि रिक्षावाले काका आरशातून म्हणाले, "ताई, तिले जरा हवा लागू द्या."

भस्मऋतू मी एम.एस्सी.ला असताना सुरू केली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या मुलीला दुसरा ग्रह शोधायला लांब जावं लागत नाही. आईने गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर बोट फिरवलं की बोट करडं व्हायचं, बाबांच्या स्कूटरच्या सीटवर आम्ही आमची नावं लिहायचो, आणि धाकटा भाऊ पाळण्यात होता तेव्हा आई त्याच्या पाळण्यावर ओलं पातळ टाकायची. ते वाळलं की पुन्हा भिजवायची. त्यातून मला एक जग सुचलं, जिथे पाऊस पडत नाही, राख पडते, जिथे माणसाचं वय त्याच्या छपरावरच्या थरांवरून मोजतात, आणि काजळगड नावाच्या शहराच्या मधोमध एक महाधुराडं आहे ज्याची राखणदार पूजा करतात. पहिला खंड कॉलेजातल्या पोरांनी वाचला, दुसरा पोरांच्या बहिणींनी, आणि तिसरा आला तेव्हा भिवापूरच्या वाचनालयातून फोन आला की चौथा कधी? चौथा ठरलेलाच होता, चार खंडांची मालिका असं पहिल्या पानापासून डोक्यात होतं. पण सुजाता झाली आणि मी लिहायला बसले की दुसऱ्या ओळीला उठायचे. श्वास बघून यायचे, बसायचे, उठायचे. मागच्या दिवाळीनंतर मी प्रकाशनाच्या मोहितला सांगून टाकलं, तिसऱ्यावर संपलं समजा. धुराडं पडलंच आहे. त्याला बरंच वाटलं असावं. तिन्ही खंडांचा एकत्र संच काढू, म्हणाला, वर लिहू, मालिका संपूर्ण. आज संध्याकाळी तो संच छापायला जाणार होता.

घरी आले तर सासूबाई ओसरीवर वर्षाच्या मिरच्या घेऊन बसल्या होत्या. त्यांचं माहेर भिवापूरचं, दर एप्रिलला भाऊ एक पोतं धाडतो आणि आठवडाभर घरादाराला शिंका येतात. "काय झालं वं? सुई पोरीले टोचली का तुले?" त्या म्हणाल्या आणि उठून हात धुवायला गेल्या. मोरीवर आधी तेल, मग बेसन, मग साबण. मी दारात उभी राहून बघत होते. मी बघते आहे हे त्यांना कळतं, मला माहीत आहे. "अजून बेसन लावू का, साहेब?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. मी सुजाताला त्यांच्याकडे दिलं आणि आत जाऊन मोहितला फोन केला. न सांगता राहणं माझ्याच्याने झालं नसतं. सांगताना माझा आवाज असा झाला होता की तो आधी घाबरलाच, कोणाला काही झालं का म्हणून. मग हसला. "अरे हो की! कमाल आहे, कोणाच्याच लक्षात नाही आलं. पण टेन्शन घेऊ नका मॅडम, फाइल अजून माझ्याकडेच आहे. तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीला एक ओळ टाकू. थांबा." किबोर्डचा आवाज आला. "'वादळ ओसरलं तेव्हा पाळण्यातला श्वास थांबला होता.' कसं वाटतं? वैनाचा सगळा राग मग त्यातूनच आला असं होईल. खरं तर पुस्तक जास्त चांगलं होईल."

खरं तर जास्त चांगलं होईल. हेच मला सहन होईना, की तो चुकीचं बोलत नव्हता. एका ओळीत चूक मिटत होती, वैनाला कारण मिळत होतं, मालिका संपूर्ण होत होती, आणि मला पुन्हा कधी त्या टेबलाशी बसावं लागणार नव्हतं. "पाठवू का?" तो म्हणाला. "पाच वाजता प्रेसला देतोय." मी म्हटलं, थोड्या वेळाने सांगते. फोन ठेवल्यावर मी खोलीत नुसती उभी राहिले. कूलरच्या वाळ्याचा ओला वास येत होता. श्वास थांबला होता. हे शब्द मी नऊ महिने कोणाला उच्चारू दिले नव्हते, स्वतःलाही नाही, आणि त्याने ते चहा पिता पिता टाइप केले.

बाहेर सुजाताने दूध ओकलं आणि सासूबाईंनी तिचं बदकाचं झबलं उतरवलं. "दुसरं आण वं," त्या ओरडल्या. मी कपाटातून तीन-चार घेऊन गेले. त्यांनी एक निवडलं आणि हसायला लागल्या. "आता पाहा कशी ढिगानं आहेत! अन् हे झाली तवा घरात एक झबलं नव्हतं. पियुषच्या जुन्या बनियनमधी गुंडाळून आणली दवाखान्यातून. ते नर्स काय म्हणत असन, कोणत्या घरची हायेत बाप्पा!"

"तुम्हीच म्हणायच्या ना, आधी कपडे घेऊ नये म्हणून."

"मी?" त्यांनी मिरची झोंबल्यासारखं तोंड केलं. "मी काहून म्हणू? माह्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. असलं काही आमच्या घरात तवापासून नाही. मी तं चौकातल्या दुकानातून दोन आणून ठेवले होते, तूच परत करून आली. म्हणे, आई, आपण मानत नाही, पण नको. एम.एस्सी.वाली! मंग आम्ही बी चूप राहिलो. पियुष तं बाळ म्हणेच नाही. तब्येत म्हणे. तब्येत कशी आहे, तब्येतीनं लाथ मारली का." त्या खदाखदा हसल्या आणि सुजाताच्या पोटावर तोंड घासून म्हणाल्या, "हे पाहा आमची तब्येत!"

मी हसले नाही. मी तिथेच, ओसरीच्या उंबऱ्यावर, मिरच्यांच्या ठसक्यात उभी राहिले आणि मला ती खोली आठवली. खाटेच्या पायथ्याखाली विटा, त्यामुळे पाय वर, डोकं खाली, रक्त सगळं कानात. डॉक्टर म्हणाल्या होत्या, उठायचं नाही. त्याआधी एकदा गेलं होतं, ते आम्ही घराबाहेर कोणाला सांगितलंच नव्हतं, म्हणून या वेळी घरात तो शब्दच कोणी काढेना. सासूबाई दारात येऊन विचारायच्या, तब्येत? मी म्हणायचे, ठीक. आणि पोटावर उशी, उशीवर लॅपटॉप ठेवून मी तिसरा खंड लिहायचे. तो खंड मी आडवी पडून लिहिला, हे मी किती जणांना कौतुकाने सांगितलं असेल, पण त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. त्या खंडात कोणीच आडवं पडत नाही. सगळे धावतात, उडतात, चढतात, कापले जातात. मी माणसं मारत होते, शेकड्यांनी मारत होते, दर पानावर, जणू मृत्यूला तिकडे काम देऊन ठेवलं की तो इकडे फिरकणार नव्हता. मी धावत आत गेले, लॅपटॉप उघडला, तिसऱ्या खंडाची फाइल काढली आणि शोधायच्या चौकोनात लिहिलं, बाळ. शून्य. पाळणा. शून्य. अंगाई, दूध, कूस. शून्य, शून्य, शून्य. सहाशे पानांत माझ्या हातून एकदाही निसटला नव्हता तो शब्द. विसरणाऱ्या माणसाकडून इतकं नेटकं होत नाही. विसरणारा कुठेतरी चुकतो, एखाद्या उपमेत तरी लेकरू येऊन जातं.

मी विसरले नव्हते. मी तिला लपवलं होतं. जिथे मी इतकी कत्तल चालवली होती त्या पुस्तकात पाळण्याकडे जाणारी एकही वाट मी ठेवली नव्हती, एक इशारासुद्धा नाही, की मृत्यू वाचत वाचत तिथवर पोचेल. माझ्यापासूनही लपवलं, कारण त्या दिवसांत माझा माझ्यावर काय भरवसा. घरात आम्ही जे केलं तेच मी तिथे केलं. नाव घेतलं नाही, झबलं शिवलं नाही. आणि म्हणून तिला कोणी मारलेलं नाही. बारा वर्षं झाली. ती आहे. हे कळलं तेव्हा माझ्या दंडावर काटा आला, भीतीचा नव्हे. ती आहे तर कोणी तिचं लुगडं भिजवलं? मी डोळे मिटले आणि मला दिसलं, म्हणजे सुचलं नाही, दिसलंच: वैनाला पकडायला आलेल्या राखणदारांतली एक बाई घरात शिरते, हातात भाला, घर रिकामं, पाळणा हलतो आहे. वरचं कापड वाळून करडं झालेलं. ती भाला भिंतीला टेकवते आणि आधी ते कापड भिजवते. बस. मग दुसऱ्या दिवशी तिची जाऊ येते. मग शेजारीण. शत्रूंच्या बायका पाळीपाळीने, आपल्या पुरुषांना न सांगता, बारा वर्षं. ती पोरगी धुराड्याच्या पायथ्याशी वाढली आहे, राखणदारांची भाकर खाऊन. आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी वैनाने, म्हणजे मी, ते धुराडं पाडलं. मोठा विजय म्हणून पाडलं. वाचकांनी टाळ्या वाजवल्या. ते कोणाच्या घरावर पडलं, हे कोणी विचारलं नाही. माझी सहाशे पानं माझ्या डोळ्यांसमोर एका झटक्यात कूस बदलून दुसऱ्या बाजूला वळली, आणि त्यांतलं एक अक्षरही बदलायची गरज नव्हती.

मी मोहितला फोन लावला. "ती ओळ टाकू नका."

"मग कोणती टाकू?"

"कोणतीच नाही. आणि वरचं ते 'संपूर्ण' काढा. चार खंड आहेत."

तो नरमाईने बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसं. "मॅडम, असं आयत्या वेळी... सर चिडतील. संच थांबवावा लागेल, वितरकांना कळवून झालंय. आणि तुम्हीच म्हणाला होता, आता लिहिणं होत नाही. एका बाळासाठी?"

"हो," मी म्हटलं. "थांबवा."

"वाचक विचारतील बाळ कुठंय."

"विचारू द्या. एकीने विचारलं म्हणून तर सापडली."

"सापडली?" त्याचा आवाज बदलला. आता संपादक बोलत नव्हता, पहिला खंड वाचून नोकरी मागायला आलेला पोरगा बोलत होता. "म्हणजे जिवंत आहे? कुठे असते?"

"धुराड्याच्या पायथ्याशी."

"पण मॅडम, धुराडं तर..." तो थांबला. पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारत होतं, ते तो ऐकत नव्हता. "बाप रे," तो म्हणाला. "बाप रे. सरांशी मी बोलतो. संच थांबला तर थांबला. पण मला एवढंच सांगा, वैनाला माहीत होतं?"

"फोन ठेवा मोहित. मला लिहायचंय."

आणि मी बसले. टेबलावर तेलाची बाटली, तापाचं औषध, वाळलेले लंगोट होते, ते मी हाताने एका बाजूला लोटले. पहिलं वाक्य आलं, दुसरं त्याच्या मागोमाग, त्याला धक्का देत. बायकांची पाळी कशी ठरते, कोणती बाई चुकवते, पोरगी पहिल्यांदा कापडाबाहेर तोंड काढते आणि राख तिच्या जिभेवर पडते आणि ती रडत नाही, चव बघते. मला भीती वाटत होती, पण ती वाक्याच्या आत होती, काम करत होती, बैलासारखी ओढत होती. मध्येच बाहेर सुजाता रडली. माझी पाठ खुर्चीवरून उठली, नऊ महिने उठते तशी. "आली वं आली, आली माझी तब्येत," सासूबाईंचा आवाज आला, आणि मग शांतता. रडण्यापेक्षा मला नेहमी शांततेची धास्ती. थांबलं का? बदक वर गेलं का? मी अर्धी उभी होते आणि माझी बोटं किबोर्डवर होती, आणि बोटं उठली नाहीत. त्या खोलीत भाला भिंतीला टेकवून बाई वाकली होती, तिचे हात ओले होते. तिला मी अर्ध्यावर सोडू शकत नव्हते. मी खाली बसले. वाक्य पुरं केलं. त्यानंतर मी किती वेळ सुजाताकडे पाहिलं नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी घड्याळाकडेही पाहिलं नाही. उन्हं सरकून भिंतीवर गेली होती, पानं होत होती, आणि माझ्या अंगात असं काही भरत होतं की उठून गच्चीवर जावं आणि आमच्या साऱ्या इंदोरा वस्तीला ओरडून सांगावं.

एका ठिकाणी अडले. त्या बायकांनी तिला काय हाक मारायची? दुसऱ्या खंडात मी तिचं नाव ठेवलंच नव्हतं, आणि आता ती पळत पळत धुराड्याकडे निघाली होती, आणि मागून तिला थांबवायचं होतं, लगेच. बिन-नावाच्या मुलीला कोण कसं थांबवणार? मी टाइप करायच्या आधीच ते तोंडातून निघालं, मोठ्याने, घरभर.

"निरंजना!"

ओसरीवर मिरच्यांची सळसळ थांबली. "कोणाले हाक मारून राहिली वं?"

"माझ्या पोरीला!"

"हे तं इथं हाय, पाळण्यात झोपली."

"ही नाही आई. दुसरी."

सासूबाईंनी टोपल्यावरून हात झटकल्याचा आवाज आला, आणि त्या आतल्या दिशेने ओरडल्या, "आण मंग तिले बी. भात निवून राहिला."